सरांची लाल पेन्सिल

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे आली ती सरांच्या खिशातली लाल पेन्सिल. विज्ञानाचे सर म्हटलं की आपल्या शाळेत नाव सांगावं लागत नाही.

साल १९८८. मी नववीत. डाव्या पायाला पोलिओ, काखेत कुबडी. गणपतीला आलेल्या एका चाकरमान्याने सरांना 'न्यूजवीक'चा जूनचा अंक दिला. मुखपृष्ठावर चाकाच्या खुर्चीतले भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग, मथळा 'मास्टर ऑफ द युनिव्हर्स'. अंक वर्गात फिरला आणि मधल्या सुट्टीपर्यंत मी 'हॉकिंग' झालो. मुलं कौतुकानेच म्हणत होती, पण मला रडू फुटलं.

सरांच्या कानावर गेलं. मला म्हणाले, "खुर्ची सगळ्यांनी पाहिली. ह्यांनी शोधलं काय, ते परवा तू फळ्यावर सांगायचं."

दोन संध्याकाळी त्यांनीच जुन्या कौलारू प्रयोगशाळेत बसवून शिकवलं. कृष्णविवरातून काहीच सुटत नाही असं मानत. हॉकिंगनी १९७४ मध्ये दाखवलं की त्यातूनही प्रारण, म्हणजे ऊर्जेचे किरण, निघतं, आणि विवर जितकं लहान तितकं जास्त तापलेलं. बाहेर पागोळ्या गळत होत्या. सर म्हणाले, "१९६४ साली रॉयल सोसायटीत ह्याने हॉईल आणि आपल्या नारळीकरांच्या, दोन नामवंत शास्त्रज्ञांच्या, गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतावर सगळ्यांसमोर आक्षेप घेतला. वय बावीस! ते कोण छापतं?"

तेव्हापासून सर हॉकिंगवरची कात्रणं जमवू लागले. संशोधनाची ओळ दिसली की लाल रेघ. आजारपणात डॉक्टरांनी दिलेली आयुष्याची दोन वर्षं, १९८५ मध्ये गेलेला आवाज, यंत्राचं बोलणं, हे सगळं बिनरेघेचं. २००१ मध्ये हॉकिंग मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले तेव्हा फाईल फुगली. रेघा फारशा वाढल्या नाहीत.

पुढे माझी पीएच.डी. झाली. एका वर्तमानपत्राने कुबडीसकट फोटो छापला, 'जिद्दीची कहाणी' म्हणून. रात्री सरांचा फोन. "अभिनंदन. विषय काय रे तुझा? ह्यात कुठेच नाही." मी पाऊण तास सांगत होतो, ते मध्येमध्ये प्रश्न विचारत होते.

ती प्रयोगशाळा आता पाडली. नवी इमारत छान आहे, पण मला त्या जांभ्याच्या भिंती हव्या होत्या.

सर गेल्यावर घरच्यांनी फाईल माझ्याकडे दिली. शेवटी माझं कात्रण होतं. रेघ एकही नाही. समासात लाल पेन्सिलीने, सरांच्या थरथरत्या अक्षरात: 'खाडीच्या गढूळ पाण्यात प्रकाश किती खोल जातो'.