मार्काला घेऊन ये

शनिवार, रात्र

आज घरच्या प्रार्थनेत बायबलमधल्या, प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवटचा अध्याय वाचला. पौल तुरुंगात आहे, हिवाळा तोंडावर आलाय. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, चर्मपत्रं तर नक्की आण, असं सांगताना त्याआधीच तो लिहून जातो की मार्काला सोबत घेऊन ये, सेवेसाठी त्याचा मला उपयोग आहे.

आपण हे वाक्य भराभर वाचतो. पण हा मार्क कोण? सुवार्तेच्या पहिल्याच फेरीत पंफुल्यातल्या पिर्गा शहराहून पौल आणि त्याचा साथीदार बर्णबा यांना सोडून यरुशलेमेला परत गेलेला. का गेला, ते बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक सांगत नाही. पुढच्या वेळी त्याला न्यावं असं बर्णबाचं म्हणणं पडलं, पौल मुळीच तयार होईना. वाद इतका विकोपाला गेला की खांद्याला खांदा लावून राबलेली ही दोन माणसं वेगळी झाली. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला, पौल सीलाला घेऊन सूरिया-किलिकियाकडे.

मला सगळ्यात बोचतं ते वेगळंच. पौल स्वतः नवा विश्वासी झाला तेव्हा यरुशलेमेतले शिष्य त्याला जवळ करायला घाबरत होते. कालपर्यंत आपल्याच माणसांना धरून नेणारा आज शिष्य म्हणवतो, यावर विश्वास कोण ठेवणार? तेव्हा त्याला हाताला धरून प्रेषितांपुढे नेलं ते या बर्णबानेच. ज्याच्यासाठी कुणीतरी असा शब्द टाकला होता, त्यालाच मार्कासाठी टाकलेला शब्द ऐकवेना.

आमच्या चर्चच्या मंडळीत सध्या नेमकं हेच चाललंय. उपासनेत पेटी वाजवणारा एक मुलगा मधल्या काळात दुसऱ्या फेलोशिपमध्ये जात होता, आता परत आलाय. शुक्रवारची प्रार्थना सभा संपल्यावर सतरंजी गुंडाळता गुंडाळता एक वडीलधारे काका म्हणाले, "गेला होता ना तिकडे टाळ्या वाजवायला? मग तिथंच वाजव म्हणावं पेटी." मुलगा दारातच चपला घालत होता. त्याने ऐकलं. गीतांचं पुस्तक पिशवीत सारलं, "सलाम काका" म्हणाला आणि गेला.

काका वाईट मनाचे नाहीत, हे मी अगदी मनापासून लिहिते. दर रविवारी चर्चचं कुलूप तेच उघडतात. कुणी दवाखान्यात असलं की रात्री उशाशी तेच बसतात. त्यांना मंडळी फुटण्याची भीती वाटते, आणि ती खोटी नाही. शिस्त हवीच. अवघड प्रवासाला भरवशाचा माणूस हवा, हे पौलाचं म्हणणंही चूक म्हणवत नाही; शास्त्रात कुठंच लिहिलेलं नाही की त्या भांडणात कोण बरोबर होतं. पण पिर्गाचा तो एक दिवस पौलाने मार्काच्या नावापुढे कायमचा लिहून ठेवला नाही. कलस्सैच्या मंडळीलाही तो कळवतो, मार्क तुमच्याकडे आला तर त्याचा स्वीकार करा. आम्ही मात्र माणसाचा असा एक दिवस धरून ठेवतो आणि त्याला तत्त्वनिष्ठा म्हणतो. कुंकू लावून कोण आली, कोण उशिरा आलं, कुणाच्या मुलीनं बाहेर लग्न केलं, सगळं आमच्या तोंडपाठ.

नगरकडच्या ख्रिस्ती माणसांनी तरी हे असं करू नये. नगरलाच राहिलेले कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधल्या काळात त्या सोवळं पाळूनच पतीच्या घरी राहायला आल्या होत्या. टिळक तापट, पण बाप्तिस्म्याची सक्ती त्यांनी केली नाही. त्या वेळी कुणी "आधी बदल, मग ये" म्हणून अडून बसलं असतं, तर मराठी मंडळीचं केवढं नुकसान झालं असतं!

उद्या उपासनेनंतर मीटिंग आहे आणि मी बोलणार आहे. म्हणणं साधं आहे: मुलाला आजपासूनच सरावाला बसू द्या, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी पेटी त्याच्याकडे द्या. आणि सरावाला काकांनी बसावं. भजनांच्या जुन्या चाली त्यांना येतात तशा आता कुणालाच येत नाहीत, त्या या मुलाला शिकायच्याच आहेत. दोघं एका पेटीपाशी बसल्याशिवाय नुसत्या ठरावानं काही होणार नाही, असं मला वाटतं.

काकांना मीटिंगमध्ये अचानक कळायला नको म्हणून जेवणानंतर फोन केला. चांगलाच वाद झाला. त्यांना काही पटलं नाही. पण सरावाचं ऐकल्यावर विचारलं, "त्याला काळी चार पट्टी येते का नीट?" येते म्हटलं. मग म्हणाले, उपासनेच्या आधी लवकर ये, बोलू.