जाऊबाईंचा पाम

पाम पिवळा पडला की शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं तीन सल्ले तयार असतात. पाणी वाढव, एप्सम सॉल्ट (म्हणजे मॅग्नेशियमचं मीठ) घाल आणि पिवळी पानं कापून टाक. बेळगावात अनगोळला राहणाऱ्या आमच्या थोरल्या जाऊबाईंचे पहिले दोन करून झाले होते. तिसऱ्यासाठी कात्री हातात होती, तेवढ्यात मी पोचले.

झाड अरेका पाम, पोर्चमधल्या शोभेच्या कुंडीतलं. "रोज पाणी घालते बघ, खरं पानं पिवळीच पडायलेत," जाऊबाई म्हणाल्या. "सगळीच पिवळी?" "होय, सगळीच."

सगळीच म्हणतात लोक, पण पिवळेपणात फरक असतो आणि तो बघायचा असतो. खालच्या जुन्या पानांवर नारिंगी ठिपके आणि टोकं करपलेली असतील तर पोटॅश कमी पडतंय. जुन्या पानाची कड रुंद पिवळी आणि मधला भाग हिरवा असेल तर मॅग्नेशियम. नवीन पान फिकट आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह. इथं खाली ठिपके होते आणि वरचं कोवळं पानही फिकट. मातीत लोह नाही म्हणावं तर कुंडीत वरून घातलेली माती खानापूरकडची तांबडी, लोहानं भरलेली. खालीवर दोन्हीकडं असं दिसलं की मी खताचं नाव काढत नाही, मुळं बघते. मुळांना हवा नसेल तर मातीत असलेलंही झाडाला उचलता येत नाही.

लोकरीची विणायची सुई मागून घेतली. कडेला खुपसली, कोरडी बाहेर आली. मधे खुपसली तर चिकट काळपट चिखल घेऊन आली, वासासकट.

आपल्या नर्सऱ्यांतली बरीच झाडं आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं येतात. गोदावरीकाठची ती चिकट माती, गोळा करून बांधली की प्रवासात फुटत नाही, म्हणून त्यांना सोयीची. खरं तो गोळा तसाच कुंडीत बसवून भोवती भुसभुशीत माती घातली, की दोन माती दोन स्वभावाच्या होतात. बाहेरची दुपारपर्यंत सुकते, म्हणून आपण परत पाणी घालतो, आणि आतला गोळा आधीचंच पाणी धरून बसलेला. त्यात या कुंडीच्या आत ताटली, ताटलीत पाणी साठलेलं. कुंडीच्या काठावर पांढरा थर होता, तो बोअरच्या पाण्याचा. घरी नळाला राकसकोप धरणाचं पाणी येतं, ते पिण्यापुरतं धरून ठेवायचं आणि झाडांना बोअर. टोकं करपण्यात या क्षारांचाही वाटा असतो.

उन्हाळ्यात मुळांना हात लावायचा नाही म्हणून ताटली तेवढी काढली, रोजचं पाणी थांबवलं आणि पानांची खालची बाजू ओल्या फडक्यानं पुसायला सांगितली, कारण कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड तिथंच बसते. मृगाचा पाऊस धरल्यावर कुंडी उपसली.

गोळा बादलीत भिजत ठेवला आणि पाण्याच्या धारेनं कडेकडेनं सोडवला. सगळा नाही, निम्म्याहून थोडा जास्त. पामला मुळं फार हलवलेली सोसत नाहीत. चांगलं मूळ पांढरट, घट्ट असतं. कुजलेलं काळं, चिमटीत धरलं की साल निघून हातात दोरा राहतो. ती सगळी कापली. मग एकेका खोडाचा मधला मिटलेला कोंब हलक्या हातानं ओढून बघितला. दोन कोंब अलगद सुटून आले, बुडाशी घाण वास. पामच्या खोडाला वाढीचं टोक एकच असतं, ते गेलं की खोड गेलं. ती दोन बुडातून काढून टाकली. अरेकाच्या कुंडीत दाट दिसावं म्हणून बरीच रोपं एकत्र लावलेली असतात, त्यामुळं बाकीची शाबूत होती. "एवीतेवी काढलंयस तर चार कुंड्या कर की," जाऊबाईंना लोभ सुटला. नाही म्हटलं. वेगळी करायला गेलं तर आहेत तीही जातात.

कुंडी मोठी घेतली नाही, तेवढीच घेतली, बुडाला भोक असलेली. तांबडी माती, चाळणीवर राहिलेली जाड वाळू, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा आणि थोडं गांडूळखत. खोड होतं तेवढंच खोल, वर माती चढवायची नाही. मग पागोळीच्या जरा बाहेर, थेट ऊन लागणार नाही अशा जागी ठेवून दिलं. आपल्याकडच्या पावसाइतकं चांगलं पाणी विकत मिळत नाही, साठलेले क्षार तोच धुऊन नेतो.

खरा वाद झाला गौरी-गणपतीच्या आधी. "घरात माणसं येणार आणि दारात हे असलं पिवळं? काप की गं." मी कापू दिलं नाही. पोटॅश कमी असलं की झाड जुन्या पानातून ते काढून नव्याला देतं. पिवळं पान कापलं की झाड त्याच्या वरच्या पानाला हात घालतं. शेवटी करपलेली टोकं तेवढी छाटली, तीही तपकिरी कड दोऱ्याएवढी ठेवून. हिरव्यात कात्री गेली की पुन्हा कड करपते. कुंडी जाऊबाईंनी पडद्याआड सरकवली, ते चालेल.

एप्सम सॉल्ट बंद केलंय. मॅग्नेशियम जास्त झालं की पोटॅश आणखी अडतं. नवीन मुळं धरल्यावर पोटॅश असलेलं सावकाश विरघळणारं खत चिमूटभर दिलं. पिवळं पान परत हिरवं होत नाही, त्याची वाट बघायची नसते. कोंबाकडं बघायचं. तिसऱ्या खोडाचा कोंब उलगडला तो हिरवागार, शिरांसकट.

दिवाळीनंतर इथली थंडी वाढली की पाणी निम्म्यावर आणायचं, तेही सुई मधे खुपसून बघितल्यावर. फेब्रुवारी संपेपर्यंत खत नाही. जाऊबाईंनी एवढं तरी ऐकावं.