आमची वाटचाल: सिलिंडरविना हायड्रोजनेशन

धंदा सुरू केला तेव्हा आमच्याकडे ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखाली रिअॅक्शन करायचं बंद भांडं, नव्हता. हवेत ४ ते ७५ टक्के अशा कुठल्याही प्रमाणात पेट घेणारा हायड्रोजन भाड्याच्या शेडमध्ये ठेवायची छातीही नव्हती. कामं मात्र सगळी हायड्रोजनेशनची, म्हणजे रेणूतल्या दुहेरी बंधावर हायड्रोजन चढवून तो संतृप्त करून देण्याचीच येत होती. म्हणून ट्रान्सफर हायड्रोजनेशनकडे वळलो. वायू विकत घ्यायचाच नाही; दुसऱ्या एखाद्या रेणूकडचा हायड्रोजन पॅलेडियम ऑन कार्बन (कोळशाच्या भुकटीवर बसवलेलं पॅलेडियम) या कॅटलिस्टच्या मध्यस्थीने आपल्या मालावर चढवायचा.

पहिला दाता घेतला सायक्लोहेक्झीन. लिन्स्टेड आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात त्यावर बरंच काम केलं होतं. काम झालं, पण हायड्रोजन देऊन मोकळं झालेल्या सायक्लोहेक्झीनचं बेन्झीन होतं. मालात विषारी बेन्झीन सापडलं की ग्राहक हात लावत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. दोन बॅचमध्ये तो नाद सोडला.

अमोनियम फॉर्मेटवर आलो आणि तिथंच रमलो. ६३ ग्रॅम फॉर्मेटमागे २ ग्रॅम हायड्रोजन मिळतो. उरतात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड, म्हणजे दोन्ही वायू, आपोआप निघून जाणारे. निदान आमचा तसा समज होता. एका सिनॅमेट एस्टरच्या (दुहेरी बंध असलेल्या मालाच्या) बॅचला बबलरमधले, म्हणजे बाहेर पडणारा वायू दाखवणाऱ्या नळीतले, बुडबुडे थांबले. पोरगा खूश, म्हणाला, ‘झालं साहेब, रिअॅक्शन संपली.’ वर बघतो तर कंडेन्सरच्या (फ्लास्कवरच्या वाफ थंड करणाऱ्या) नळीत पांढरं, मिठासारखं बूच! खाली सुटे झालेले दोन्ही वायू वर गारव्यात भेटले होते आणि त्यांचा क्षार जमला होता. गरम फ्लास्कला श्वास घ्यायला जागाच उरली नव्हती. तेव्हापासून रुंद नळीचा कंडेन्सर लावतो, फॉर्मेट पाण्यात विरघळवून हळूहळू सोडतो, आणि बुडबुडे थांबले की आधी वायूची वाट तपासतो, टीएलसी (रिअॅक्शन संपली का ते पाहायची चाचणी) नंतर.

दुसरा धडा फिल्टरवर मिळाला. वापरलेला कॅटलिस्ट हायड्रोजन धरून बसतो, हे वाचून माहीत होतं. सेलाइटवरचा (गाळायच्या पावडरीवरचा) कॅटलिस्टचा काळा केक मिनिटभर कोरडा ओढला गेला, कडेला लालसर ठिपका दिसला आणि मिथेनॉलच्या वाफेने भडका घेतला. कुणाला इजा झाली नाही, एक फनेल गेलं. सिलिंडर नाही म्हणून आपण निर्धास्त, हा माज त्या दिवशी उतरला. आता नायट्रोजनखाली गाळतो आणि केक ओला असतानाच पाण्यात बुडवतो.

पैशाचं नुकसान म्हणाल तर ते क्लोरीनने केलं. दुहेरी बंध भरायचा होता, रिंगवरचा क्लोरीन राखायचा होता. बंध भरला, पण क्लोरीनही निम्मा गळाला. पॅलेडियम आणि फॉर्मेटची जोडी अॅरिल क्लोराइड (रिंगवरचा क्लोरीन) सोडत नाही, हे ऑर्डर घेण्याआधी बघायला हवं होतं. पूर्ण बॅच फुकट गेली. हल्ली अशी चौकशी आली की आधी २ ग्रॅमवर करून बघतो. क्लोरीन टिकला नाही, तर ऑटोक्लेव्हवाल्याकडे जाऊन प्लॅटिनम वापरून बघा, असं मीच सांगतो.