जॉर्ज बुशचे वडील खरंच भारतात जन्मले होते का?

वॉशिंग्टन राज्यात ऑलिंपियाच्या जवळ, टमवॉटरच्या दक्षिणेला जिथे आता छोटा एअरपोर्ट आहे, त्या भागाला बुश प्रेअरी म्हणतात. प्रेसिडेंट बुशशी त्याचा काही संबंध नाही, हा जॉर्ज बुश म्हणजे १८४५ मध्ये बायको-मुलांना घेऊन इथे शेती करायला आलेला एक कृष्णवर्णीय माणूस. सिएटलच्या आसपास आपली मराठी मंडळी एवढी राहतात पण याचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं, आणि मला ते मनापासून खटकतं.

त्याच्याबद्दल वाचताना मी एका वाक्यापाशी अडकलो. त्याचे वडील मॅथ्यू बुश आफ्रिकन वंशाचे पण जन्म भारतातला, फिलाडेल्फियात एका श्रीमंत इंग्रज व्यापाऱ्याकडे नोकरीला, आणि त्याच घरात कामाला असलेल्या आयरिश मुलीशी त्यांनी लग्न केलं, असं सांगतात. आफ्रिकन वंश आणि जन्म भारतात म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोक्यात जंजिऱ्याचे सिद्दीच येणार ना, माझ्याही आले. पण ही सगळी ऐकीव माहिती, आणि फॅमिली हिस्टरीमध्ये जी गोष्ट आपल्याला खरी असावीशी वाटते तिचाच पुरावा सगळ्यात आधी मागायचा असतो. इथे तो मिळत नाही. खुद्द जॉर्जचं जन्मसाल कुठे १७७९ दिलंय तर कुठे १७९०. अमेरिकेच्या जनगणनेत १८५० च्या आधी फक्त घरातल्या कर्त्या माणसाचं नाव लिहायचे, बाकीच्यांचे नुसते आकडे, त्यामुळे जुन्या पिढ्या शोधताना सगळेच तिथे ठेचकाळतात.

अजून एक घोळ म्हणजे बऱ्याच ठिकाणी त्याचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन बुश असं दिसतं, आणि इथून जवळच सेंट्रेलिया गाव वसवणारा माणूसही कृष्णवर्णीयच, त्याचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन. दोघं पूर्ण वेगळे. नुसतं नावाने सर्च केलं की एकाची माहिती दुसऱ्याच्या खात्यात गेलीच म्हणून समजा.

मिझुरीपासून पुढे मात्र धागा पक्का होतो. तिथे १८३१ मध्ये त्याने इझाबेला जेम्सशी लग्न केलं, ती जर्मन वंशाची, गोरी. १८४४ मध्ये मुलांना घेऊन हे कुटुंब मायकल सिमन्स वगैरे मित्रांच्या कुटुंबांबरोबर बैलगाड्यांच्या तांड्यातून ओरेगनला निघालं, आणि त्याच वर्षी तिथल्या हंगामी सरकारने कायदा केला की कृष्णवर्णीयांनी ठरलेल्या मुदतीत ओरेगन सोडायचं, नाहीतर फटके. मग हा सगळा गट कोलंबिया नदीच्या उत्तरेला गेला, तिथे अजून ब्रिटिश हडसन्स बे कंपनीचा (फरचा व्यापार करणाऱ्या) वरचष्मा होता आणि हा कायदा पोचत नव्हता. बुशसाठी म्हणून त्याच्या गोऱ्या सोबत्यांनीही वाट बदलली, हे मला फार मोठं वाटतं.

पण ब्रिटनशी झालेल्या १८४६ च्या तहाने तो भागही अमेरिकेत आला आणि १८५० च्या डोनेशन लँड क्लेम कायद्यात (नव्याने वस्ती करणाऱ्यांना फुकट जमीन देणारा कायदा) जमीन मिळायची ती गोऱ्यांना आणि गोरे-मूळनिवासी अशा मिश्र रक्ताच्या लोकांना, बुश त्यात बसेना. (ही जमीन मुळात निस्क्वाली या मूळनिवासी लोकांची होती हे विसरून चालणार नाही, बुशच्या धाकट्या मुलाचं नावच लुईस निस्क्वाली आहे.) पाच-सहा वर्षं कसलेली जमीन कायद्याने त्याची नाहीच. १८५२ च्या टंचाईत व्यापारी चढा भाव देत असताना त्याने गहू विकला नाही, नव्याने आलेल्या उपाशी कुटुंबांना दिला, असं इथे सगळे सांगतात. मग नव्या वॉशिंग्टन टेरिटरीच्या (राज्य होण्याआधीच्या प्रदेशाच्या) विधिमंडळाने त्याच्यासाठी काँग्रेसकडे विनंती पाठवली आणि १८५५ मध्ये खास त्याच्या एकट्याच्या नावाने कायदा होऊन ६४० एकर त्याला मिळाले. त्या कायद्यात नाव फक्त 'जॉर्ज बुश' असं आहे, मधलं वॉशिंग्टन नाही. मतदानाचा हक्क मात्र त्याला मरेपर्यंत, म्हणजे १८६३ पर्यंत, मिळाला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की या घराण्याचा माग काढायचा तर मॅथ्यूपासून खाली यायचं नाही, या जमिनीच्या कागदापासून वर जायचं. आपल्याकडे सातबाऱ्यावरून पिढ्या लावतात तसंच. बाकीच्या सेटलर्सच्या डोनेशन क्लेमच्या फायलींमध्ये जन्म, लग्नाची तारीख आणि ठिकाण, ओरेगनला कधी पोचले हे सगळं असतं आणि त्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, त्यामुळे सिमन्ससारख्या सोबत्यांच्या फायली वाचल्या की बुशच्या प्रवासाच्या तारखाही ताडून बघता येतात. फक्त १८९० च्या जनगणनेवर विसंबू नका, १९२१ च्या आगीनंतर तिचे बहुतेक कागद उरलेच नाहीत.

खालच्या पिढीचं तर विचारूच नका, भरपूर मिळतं. थोरला मुलगा विल्यम ओवेन बुश, त्याच्या गव्हाला १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं, आणि १८८९ मध्ये वॉशिंग्टन राज्य झालं तेव्हा पहिल्याच विधिमंडळात तो निवडून आला. आज पुलमनला जी वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी आहे, तिची सुरुवात ज्या शेतकी कॉलेजपासून झाली त्याचं बिल यानेच मांडलं होतं. तिथे शिकणारी आपली मराठी पोरं-पोरी असतील तर त्यांना हे जरूर सांगा.