बादलीचा ठेका

काठोकाठ भरलेली बादली न्हाणीघरातून अंगणापर्यंत नेऊन पाहा. पहिली चार पावलं पाणी गुमान बसतं. मग डोलायला लागतं, आणि नेमकं उंबरठ्यापाशी पायावर येतं. "नीट धर की!" असं घरातलं कुणीतरी ओरडतंच. पण धरण्यात फारशी चूक नसते. दोष द्यायचाच तर बादलीच्या रुंदीला द्यावा.

भांड्यातल्या पाण्याला स्वतःचा ठेका असतो, आणि तो पाणी ठरवत नाही, भांड्याची भिंत ठरवते. लाट एका काठाकडून निघते, समोरच्या काठावर आपटते, मागे फिरते. काठ लांब असले तर ही फेरी सावकाश, जवळ असले तर झटपट. ३० सेंटिमीटर तोंडाच्या बादलीचा हिशेब मांडला, तर पाणी सेकंदाला साधारण पावणेदोन हेलकावे घेतं. आणि आपण रोजच्या चालीने चालतो तेव्हा पावलंही सेकंदाला जवळपास तितकीच पडतात! झोपाळ्याला दर खेपेला योग्य क्षणी धक्का दिला की तो उंच जातो, तसंच इथे होतं. धक्का देणारे आपणच, आणि भिजणारेही आपणच.

कळशीचं तसं नाही. गळ्यापर्यंत भरली की हलायला मोकळं उरतं ते जेमतेम १० सेंटिमीटरचं वर्तुळ. त्याचा ठेका सेकंदाला तीनच्या आसपास, म्हणजे पावलांच्या बराच पुढे. कळशी घडवणाऱ्या तांबटाने हे गणित केलं होतं असा दावा मी करणार नाही. आपल्याकडे असे दावे फार स्वस्त झालेत.

चहा-कॉफीच्या कपाचा हिशेब मात्र खरोखरच प्रयोगशाळेत झालाय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतल्या रूस्लान क्रेचेतनिकोव्ह आणि हान्स मायर यांनी माणसांना भरलेले कप घेऊन चालायला लावलं, त्यांची चाल आणि कपातली कॉफी दोन्ही मोजली. कपाचा ठेका पावलांपेक्षा जलद असतो, म्हणजे खरं तर तो वाचायला हवा. पण प्रत्येक पावलात बारीक, जलद हिसके दडलेले असतात, आणि त्यातलेच काही कपाशी जुळतात. बहुतेकांची कॉफी सातव्या ते दहाव्या पावलादरम्यान सांडली. कपाकडे लक्ष ठेवून चालणाऱ्यांची जरा उशिरा. या कामाला २०१२चं इग नोबेल मिळालं. हे पारितोषिक आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. हसू येतं खरं, पण टँकरमधलं पाणी किंवा रॉकेटच्या टाकीतलं इंधन असंच डचमळायला लागलं की कुणी हसत नाही. म्हणून तर त्या टाक्यांच्या आत आडवे पत्रे बसवतात: हेलकावा मोठा होण्याआधीच अडवायला.

मला सगळ्यात आवडतो तो अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातला प्रयोग. फेसाळ कॉफी साध्या कॉफीपेक्षा कमी का सांडते, एवढाच प्रश्न. एमिली ड्रेसेअर, अल्बान सोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेचं एक चपटं, अरुंद भांडं घेतलं, त्यात पाणी, ग्लिसरीन आणि भांडी घासायचा साबण घातला, आणि खालून सुईने हवा सोडून एकसारखे बुडबुडे तयार केले. मग भांड्याला हिसका द्यायचा आणि लाट बघायची. बुडबुड्यांचे फक्त पाच थर पुरले. लाटेची उंची दहापटीने घटली. आणि हे काम मधले बुडबुडे करत नव्हते. भिंतीला चिकटून घासणारे, कडेचे बुडबुडेच लाटेचा जोर खात होते. ठेका लावते ती भिंत, आणि फेस असला तर तो मोडायलाही तीच मदत करते. आमची आजी भरल्या बादलीत कडुलिंबाची डहाळी टाकायची, ती आठवली. पानं पाण्याला मोकळं हेलकावू देत नाहीत.

दुर्दैव असं, की आपल्या चहाला फेस नाही. साय धरते, पण तोवर चहा कोमट झालेला असतो.

मग उपाय? २०१७चं इग नोबेल मिळालेल्या जीवॉन हान या कोरियन विद्यार्थ्याने दोन सुचवले. एक, उलटं चालावं. हे घरात करून पाहू नये, विशेषतः पाहुण्यांसमोर. दुसरा, कप कानाला न धरता वरून, पाच बोटांनी काठावर पकडावा. हात सैल राहिला की कप खाली लटकतो आणि हिसक्याबरोबर स्वतःच कलतो, त्यामुळे आतल्या द्रवाला काठ ओलांडायचं कारण फारसं उरत नाही. टपरीवरचा पोऱ्या तारेच्या कडीत सहा कटिंग लटकवून रस्ता ओलांडतो, दुसऱ्या हातात मोबाइल असतो, आणि थेंब सांडत नाही. सांडला तर समजावं, ग्लास शिगोशीग भरलाय, म्हणजे ते कटिंग नाही, फुल आहे. पैसे त्याचे वेगळे.