तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्रावर चप्पल एकटीच का येते?

आमच्याकडे राहायला येणारे पाहुणे तीन प्रश्न हमखास विचारतात. वायफाय आहे का, ताजे मासे मिळतील ना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रावर फेरी मारून आले की चहा घेता घेता तिसरा, अहो तिकडे चपला बघितल्या का किती पडल्यात, पण सगळ्या एकेकट्याच, जोडी कुठेच नाही, असं कसं?

गुहागर आणि वेळणेश्वरच्या मधे कुठेतरी आमचं घर आहे, दोन खोल्या भाड्याने देतो, मागे नारळ-पोफळी आणि पुढे गडगा ओलांडला की वाळू. बरीच वर्षं मी या प्रश्नाला ‘समुद्राला एकच पाय असतो’ असं सांगून वेळ मारून नेली. आईचं उत्तर वेगळं. ज्याची एक तुटली त्याने ती टाकली, धड असलेली कशाला टाकील? पटण्यासारखं आहे, पण आमच्या वाळूवर येणाऱ्या निम्म्याअधिक चपलांचे अंगठे शाबूत असतात, त्याचं काय. शेवटी मीच शोधायला बसलो आणि मग त्यात असा अडकलो की आता पाहुण्यांनी विचारलं की बायको आतूनच ओरडते, ‘विचारू नका हो, पोहे गार होतील.’

तर ऐका. 1990 साली मे महिन्यात उत्तर पॅसिफिकमधे एका मालवाहू जहाजावरून वादळात कंटेनर पडले, त्यातल्या काहींत बूट होते, हजारोंनी. पुढच्या हिवाळ्यापासून ते अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर लागायला लागले. लेस बांधून जोडी केलेली नव्हती त्यामुळे एकेक सुटा, आणि लोकांनी काय केलं तर धुवून पुसून जोड्या जुळवायला चक्क अदलाबदलीचे बाजार भरवले. कर्टिस एब्समायर नावाच्या समुद्रशास्त्रज्ञाने कुठला बूट कुठे, कधी सापडला याची नोंद ठेवली आणि त्यावरून प्रवाहांचं गणित तपासून बघितलं. नंतर युरोपातही लोकांच्या लक्षात आलं की हॉलंडच्या टेक्सेल बेटावर डावे बूट जास्त लागतात आणि स्कॉटलंडच्या वरच्या शेटलंडला उजवे. कारण सोपं आहे, डावा आणि उजवा एकमेकांचे आरशातले, पाण्यावर तरंगताना वारा एकाला थोडा या अंगाला ढकलतो तर दुसऱ्याला त्या अंगाला. सुरुवातीला फरक वीतभर, पण महिनाभर तसंच चाललं की दोघांची गावं बदलतात.

मी घरी करून बघितलं. मागच्या दारी सिमेंटची टाकी आहे त्यात माझीच जोडी सोडली आणि टेबलफॅन लावला. पहिल्यांदा एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा दोन्ही एकाच कोपऱ्यात जाऊन बसल्या, तेव्हा माझ्या प्रयोगावर फार भरवसा ठेवू नका. आणि हो, एका पावसाळ्यात गोळा केलेल्या पोतंभर चपलाही मी वेगळ्या करून बघितल्या, डाव्या-उजव्या जवळजवळ सारख्याच निघाल्या. म्हणजे आमचा किनारा कुणाची बाजू घेत नाही, येईल त्याला जागा देतो.

हे डावं-उजवं प्रकरण माणसाने काढलेलं नाही बरं का. पाऊस सुरू झाला की वाळूवर निळे फुगे येतात, मुंबईत ज्यांना ब्लू बॉटल म्हणतात ते, पोरांना लांब ठेवा, मेलेला असला तरी त्याचा दोरा लागला की आग होते. त्या फुग्याच्या वर शिडासारखा उंचवटा असतो, आणि काहींचा तो डावीकडे कललेला असतो तर काहींचा उजवीकडे. एकाच वाऱ्यात निम्मे एका दिशेला जातात, निम्मे दुसऱ्या, म्हणजे वारा फिरून किनाऱ्याला लागायची वेळ आली तर सगळं खानदान एकदम संपत नाही. चपलेला हा शहाणपणा फुकटात मिळालाय.

आता कुठून येतात, हा त्याच्याच पोटातला प्रश्न. पुण्याचे एक काका दरवर्षी सांगतात की हे सगळं पॅसिफिकमधल्या त्या कचऱ्याच्या बेटावरून येतं. काका, नाही येत. एक तर ते बेट नाहीच, त्यावर उभं राहता येत नाही, पाण्यात लांबवर विखुरलेले तुकडे आहेत ते, 2018 सालच्या एका अभ्यासात अंदाज होता सुमारे 79 हजार टन आणि त्यातलं वजनाने जवळपास निम्मं म्हणजे मासेमारीची जाळी. आणि ते तिथे जमतं कारण तिथले प्रवाह वर्षभर एकाच दिशेने गोल फिरतात, भोवऱ्यासारखे. आपल्या अरबी समुद्राला ती सोय नाही. वरून जमिनीने बंद, आणि पाणी वर्षातून दोनदा दिशा बदलतं. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तरेकडे. शेजारचे नाना होडीवाले, शाळा चौथी, त्यांना हे विचारलं तर म्हणाले, ‘त्यात काय सांगतोस, पावसात पाणी खाली मालवणाकडे ओढतं, थंडीत वर. बोया सुटली की आम्ही म्हयना बघतो न मग शोधायला जातो.’ झालं. मी पंधरा दिवस वाचून जे समजून घेतलं ते नानांना बोयांनी शिकवलं होतं.

त्यामुळे आपला कचरा लांब कुठे जाऊन गोळा होत नाही, बराचसा याच किनाऱ्याला वर-खाली करत राहतो आणि नैऋत्येचा वारा सुटला, त्यात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आलं की वाळूवर पडतो, मग पुढच्या उधाणाला त्यातला काही परत आत. एकच चप्पल तीन गावच्या वाळवंटावर पडून आलेली असू शकते. किती दिवस पाण्यात होती हेही थोडंफार कळतं, तळव्याला दांडीवर लोंबकळणारे पांढरे शिंपल्यासारखे जीव चिकटलेले असतात, ते तांदळाएवढे असले तर नुकतीच आलेली, नखाएवढे झाले तर आठवडेच्या आठवडे बाहेर फिरून आलेली. एकीच्या टाचेला तर चावल्याच्या खुणा होत्या, तिकोनी, कुणी चावलं देव जाणे, मासा असेल नाहीतर कासव.

येतात मात्र आपल्याच नद्यांतून, निदान मोठा वाटा तरी. सह्याद्री इथून जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, नदी घाटात निघते आणि एका दिवसात खाडीला मिळते, त्यात पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या वर. जगातल्या नद्यांचा 2021 साली अभ्यास झाला त्यातही हेच निघालं की समुद्रात जाणारं प्लास्टिक दहा-वीस मोठ्या नद्यांचं काम नाही, हजाराच्या वर नद्या मिळून ऐंशी टक्के आणतात, त्यात लहान लहान नद्या भरपूर. आमची वाशिष्ठी तशीच. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. आम्ही पुढचे आठ-दहा दिवस वाळूवर बघितलं. दाभोळच्या खाडीतून बाहेर पडलेलं सगळं प्रवाहाबरोबर खाली आलं, गॅसच्या टाक्या, दरवाजे, औषधांच्या पट्ट्या, एक देव्हारा, शाळेच्या वह्यांचा गठ्ठा, लगदा झालेला. कचरा म्हणवत नव्हतं त्याला.

आणि त्यातच आयुष्यात पहिली आणि शेवटची, जोडी आली. लेडीज चप्पल, निळा पट्टा, 6 नंबर, कोऱ्या, दोन्ही प्लास्टिकच्या धाग्याने एकमेकींना बांधलेल्या, दुकानात टांगतात तशा. बांधलेल्या होत्या म्हणून एकत्र आल्या, बघा, माझी सगळी थिअरी त्या धाग्याने सिद्ध केली. मी चिपळूणच्या मावसभावाला फोन लावला, तो दुकानातला चिखल उपसत होता, म्हटलं कुणाच्या असतील रे, तर म्हणाला, ‘घालू दे मावशीला, ज्याच्या असतील त्याला आता चपलांची पडलेली नाही.’ आई घालेना. पुराचं घेऊ नये म्हणे. धुवून पडवीत ठेवल्या, गणपतीपर्यंत तशाच, मग एक दिवस बघतो तर पायात.

मधेच एक सांगतो, पुढच्या वेळी वाळूवर बाटल्या दिसल्या की झाकणं बघा. जवळजवळ प्रत्येक पाण्याच्या बाटलीला झाकण असतं. लोक नीट झाकण लावून फेकतात असं नाही, बिनझाकणाची पाणी भरून बुडते, ते प्लास्टिक पाण्यापेक्षा जड. म्हणजे आपल्याला दिसतं ते फक्त तरंगणारं. चप्पल स्पंजासारखी, हवेने भरलेली, म्हणून ती दिसते आणि आपण चपलांच्या गप्पा मारतो. खाली काय साठलंय ते ट्रॉलरवाल्यांना विचारा, जाळ्यात कोळंबीबरोबर काय काय येतं ते. बंदीबद्दलही पाहुणे विचारतात. 2018 ची राज्याची बंदी, 2022 ची देशाची, पिशव्या-थर्माकोल-स्ट्रॉ वगैरे. चपला, दोर, जाळी त्यात कुठून असणार, आणि असाव्यात असंही मी म्हणणार नाही, अनवाणी कोण फिरणार.

प्रवाहाला मात्र शिव्या देऊ नका. पावसाळ्यात तो दक्षिणेला वाहतो तेव्हा किनाऱ्यालगत खालचं गार, खतावलेलं पाणी वर येतं, केरळ-कर्नाटकाकडे जोरात, आमच्याकडे येईतो त्याचा जोर कमी होतो, त्यावर शेवाळ्यासारखे बारीक जीव वाढतात आणि त्यावर तारली-बांगडा. तुम्ही काल रात्री दोनदा मागून घेतलेला बांगडा त्याच पाण्याने दिलाय. त्याच वरच्या थरात, जिथे बांगड्याचं खाणं असतं, उन्हाने कडक होऊन तुटलेले चपलांचे आणि पिशव्यांचे बारीक तुकडेही तरंगतात. उन्हाने प्लास्टिक संपत नाही, फक्त बारीक होतं. आमच्या वाळूत मूठ घालून चाळली तर निळे-लाल कण निघतात, आधी मला वाटायचं रांगोळी सांडली असेल.

तर जोडीचं पुढे काय झालं. आईने ती चार वर्षं वापरली. गेल्या मार्गशीर्षात ओहोटीला खडपावर कालवं काढायला गेली होती, चप्पल काढून दगडावर ठेवल्या, भरती फिरलेली कळलं नाही आणि एक लाट उजवी घेऊन गेली. आई एका पायात चप्पल घालून घरी आली, रागाने लाल, मी हसलो म्हणून दोन दिवस बोलली नाही. डावी पडवीत खुंटीला टांगलेली आहे, फेकू देत नाही.

मार्गशीर्ष म्हणजे पाणी वर ओढत होतं. तेव्हा हर्णै, आंजर्ले, केळशी, तिकडे कुणी वाचत असाल तर बघा जरा, उजव्या पायाची, 6 नंबर, निळा पट्टा. टाचेकडे झिजलेली आहे.