बेचक्याच्या लाकडातून काय कातावे? : नोंद तिसरी

दोन फांद्या फुटतात त्या जागेचा, खाली बुंध्याचा थोडा भाग असलेला ३४ सेंटिमीटर लांबीचा ओला तुकडा हाती आला, तेव्हा त्याचे काय करावे हे ठरवण्यातच माझे दोन आठवडे गेले. एका बाजूची साल निघालेली, एका फांदीच्या टोकाला कुजलेला खळगा आणि कुठूनही मोजले तरी वेगळी रुंदी, असा हा ऐवज आहे. आधी फुलदाणी, मग वाडगा, मग डब्या अशी वस्तूंची यादी करून एकेक आकार त्यावर बसवून पाहण्याची माझी पद्धत चुकीची होती, असे आता वाटते. वाकड्या लाकडात वस्तू शोधण्याआधी आस, म्हणजे लेथवर (लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर) तुकडा जिच्याभोवती फिरेल ती रेषा, शोधावी लागते. ती ठरली की निम्म्या वस्तू आपोआप बाद होतात.

बेचक्याचे खरे धन म्हणजे आतली पिसाऱ्यासारखी रेष. दोन्ही फांद्यांचे गाभे ज्या पातळीत येतात त्याच पातळीत ती सर्वांत स्पष्ट दिसते आणि तिची जाडी फार नसते, म्हणून खोल वाडगा कोरायला घेतला तर हा पिसारा बराचसा भुशात जातो. मी तुकडा दोन्ही गाभ्यांमधून उभा चिरला. भेगा बहुधा गाभ्यापासूनच सुरू होतात, त्यामुळे दोन्ही अर्धांवरून गाभ्याची पातळ पट्टी काढून टाकली आणि उघड्या टोकांना लगेच मेण लावले.

चिरल्यावर एक गोष्ट उघड झाली : फांद्यांच्या मधोमध साल सुमारे ५ सेंटिमीटर आत गिळली गेली होती. बाहेरून तिचा पत्ताही नव्हता. पुठ्ठ्याच्या १६, १८, २० आणि २२ सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या कापून त्या लाकडावर सरकवत बसलो. बेचक्याच्या मध्यावर चकती ठेवली तर पिसारा पूर्ण येतो, पण सालीची फट मध्याच्या दिशेने खोल जाते आणि फिरत असताना तिथूनच लाकूड फुटण्याची भीती राहते. चकती बुंध्याकडे जास्त सरकवली तर लाकूड निर्धोक, पण साधे. शेवटी २० सेंटिमीटरची चकती अडीच सेंटिमीटर बुंध्याकडे घेतली, म्हणजे ती फट काठाला केवळ एक खाच पाडून थांबते. ती खाच मला दोष वाटत नाही. उथळ ताटलीला तिच्यामुळे चेहरा आला आहे.

ताटलीसाठीचा अर्धा भाग फेसप्लेटवर (लेथच्या फिरत्या टोकावरील धातूच्या चकतीवर) स्क्रूने बसवला आणि टेलस्टॉकचा (लेथच्या दुसऱ्या टोकावरील टेकूचा) आधार दिला. इंचांतील व्यास गुणिले मिनिटाचे फेरे हा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवावा, हा परिचित हिशोब इथे ७५० च्या पुढचा वेग सांगतो, परंतु तो समतोल तुकड्यासाठी आहे. मी उतावीळपणे ६०० वर सुरुवात केली, लेथ थरथरला आणि सालीचा एक कपचा मुखकवचावर आदळला. नंतर ३५० वर, पूर्ण गोल होईपर्यंत हलक्या हाताने गोल पटाशी चालवली. लाकूड ओले असल्यामुळे भिंत व्यासाच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे २ सेंटिमीटर ठेवली आहे, कारण वाळताना ताटली लंबवर्तुळाकार होणार आणि पुन्हा कातावी लागणार. कागदी पिशवीत ठेवताना तिचे वजन ६४२ ग्रॅम होते, आठवड्याने ५८८, त्यानंतरच्या आठवड्यात ५६१. दोन वजने सारखी आल्याशिवाय तिला हात लावायचा नाही.

दुसऱ्या अर्धाचा मात्र सालीच्या काठाचा वाडगा होईल. त्याचा तळ गाभ्याकडे आणि तोंड सालीकडे राहील, म्हणजे तळाशी पिसाऱ्याचा काही भाग येईल आणि काठ तीन ठिकाणी उंचावेल. तो आधी दोन केंद्रांमध्येच, म्हणजे लेथच्या दोन्ही टोकांच्या अणकुचीदार आधारांमध्येच, धरणार आहे, कारण तिथे टोक थोडे इकडेतिकडे सरकवून काठाच्या उंच जागा परस्परांशी जुळवता येतात. थेट फेसप्लेटवर बसवला की ही मोकळीक संपते. ड्राइव्ह सेंटर (तुकडा फिरवणारे केंद्र) रुतण्यासाठी तिथली साल पटाशीने काढून ठेवली आहे आणि उरलेल्या सालीच्या कडेला पातळ सायनोॲक्रिलेट (झटपट चिकटणारा) गोंद सोडला आहे. कुजलेल्या खळग्याच्या फांदीचे टोक करवतीने वेगळे केले. त्यातून फार तर ६ सेंटिमीटर व्यासाची डबी निघेल, तीही खळगा झाकणाच्या बाजूला आला तरच.